चारशे क्रोकेतांचा निकाल

मी मुळात शांत माणूस आहे, असं मी सांगायला लागलो की आमची सोराइदा स्वयंपाकघरातून मुद्दाम खोकते. खोकू दे. तेहतीस वर्षं पाणीखात्याच्या बिलांच्या खिडकीमागे बसून मी मायदेश सोडून आलेल्या आमच्या अख्ख्या हिआलिया गावाच्या शिव्या ऐकल्या, आणि एकालाही उलट बोललो नाही. तेव्हा त्या शनिवारी चर्चच्या व्हॅनमध्ये, स्टिअरिंगखाली डोकं खुपसून मी का बसलो होतो, याचा दोष माझ्या स्वभावाला देऊ नका. सगळा दोष क्रोकेतेचा आहे.

तसं पाहिलं तर क्रोकेता म्हणजे काय? हॅमचा बारीक खिमा, दूध-मैद्याचा दाट सॉस, वरून पावाचा चुरा आणि कढईतली तीन मिनिटं. बोटाएवढी वस्तू. पण आमच्या गावात माणूस धर्म बदलेल, पक्ष बदलेल, बायकोसुद्धा बदलेल, बेकरी बदलणार नाही. प्रत्येकाची एक बेकरी ठरलेली, आणि जिथे मेलो तरी पाऊल टाकणार नाही अशी दुसरी एक बेकरी ठरलेली. माझी बेकरी ‘ला फ्लोर दे सागुआ’. आणि मेलो तरी न जाण्याची बेकरी ‘ला आमिस्ताद’, म्हणजे मैत्री. मालक ओरेस्तेस. माझा सख्खा धाकटा भाऊ.

अकरा वर्षं आम्ही बोलत नव्हतो. कारण सांगतो, म्हणजे तुम्हीच न्याय करा. आई गेली. तिला शेवटचं बघायला माणसं लोटली. अशा वेळी शोक करणाऱ्यांना कॉफी आणि खाणं लागतंच, म्हणून मी ‘ला फ्लोर’चं एक मोठं ताट नेलं. ओरेस्तेसनेही त्याच्या बेकरीतलं ताट आणलं. दोन्ही ताटं शेजारी. आणि हा गृहस्थ, आई समोर शवपेटीत असताना, सगळ्या मावश्यांच्या देखत माझ्या ताटातली एक क्रोकेता मोडून म्हणाला, “यात हॅम कुठाय? हा तर पिठाचा गोळा आहे. आईला हे चाललं असतं का?” झालं! मावश्या त्याच्या ताटाकडे वळल्या. माझं ताट जसंच्या तसं राहिलं. ते मांडीवर घेऊन मी घरी परत आलो. क्रोकेता बनवायला आम्हा दोघांना आईनेच शिकवलं होतं. त्याने धंदा काढला, मी सरकारी नोकरी धरली, म्हणून काय आईची चव त्याच्या एकट्याच्या मालकीची झाली?

अकरा वर्षांनी हे सगळं वर आलं ते मायलिनमुळे. मायलिन आमची नात. आमच्यात पोरगी पंधरा वर्षांची झाली की लग्न परवडलं म्हणावं असा समारंभ करतात. हॉल ठरला, घोळदार झगा ठरला, नाच ठरला. राहिल्या चारशे क्रोकेता.

“ओरेस्तेसला सांगू या,” सोराइदा कपड्यांच्या घड्या घालताना सहज म्हणाली. ती सहज बोलते तेव्हा मला घाम फुटतो. “क्रोकेता घेऊन तो स्वतः येईल. पोरगी विचारते रे, आजोबांना भाऊ आहे तर मग तो दिसत का नाही.”

“मी मेल्यावर बोलव,” मी म्हटलं.

“तेव्हा तर त्याचंच ताट ठेवणार आहे मी. पण मायलिनच्या समारंभाला तो नसेल तर मीही स्टेजवर उभी राहणार नाही. तू एकटाच उभा राहा, ‘ला फ्लोर’चा खोका हातात धरून.”

हे संभाषण आमच्या सोसायटीच्या कपडे धुण्याच्या खोलीत झालं, हीच मोठी चूक. तिथे मशीनं तीन आणि कान पंधरा. कोपऱ्यात बेलार्मिनो उभा होता. हा विमानतळावर तीस वर्षं सामान चढवायचा, पण ओळख करून देताना सांगतो की तरुणपणी तो जहाजावर आचारी होता. डॉक्टरने त्याचं मीठ बंद केलंय, त्यामुळे त्याला क्रोकेतेवर बोलायचा भारी उत्साह.

“एवेलियो, अरे बाबा, ‘ला फ्लोर’चं काय खातोस? ते खाणं नव्हे, तो अपमान आहे. क्रोकेता एकच, ‘दोन्या पूरा’ची.”

“‘एल कारामेलो’समोर ‘दोन्या पूरा’ काय टिकणार!” मशीनमागून कुणीतरी ओरडलं. मग जी जुंपली, ती कपडे वाळवायचं मशीन थांबलं तरी थांबेना. आणि माझ्या तोंडून, त्या गरम खोलीत, अकरा जणांच्या देखत, हे वाक्य गेलं: “चार बेकऱ्यांची परीक्षा होऊन जाऊ दे! निःपक्षपाती पंच नेमा. ओरेस्तेसची क्रोकेता पहिली आली, तर मी स्वतः, याच तोंडाने, त्याला फोन करून चारशेची ऑर्डर देईन!”

सोराइदाने घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. ती खूश झाली की असं करते.

त्यानंतर तीन आठवडे मी एका जागी बसलो असेन तर शपथ. बेलार्मिनोसकट आठ पंच, सगळे पासष्टच्या पुढचे, त्यांना चार बेकऱ्यांत फिरवायचं म्हणजे वाहन पाहिजे. चर्चकडे बारा सीटची व्हॅन होती. पाद्रीबाबा म्हणाले, खुशाल न्या, फक्त कार्यालयात एक अर्ज द्या. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, अर्जाबरोबर चालकाची डोळेतपासणी, बोटांचे ठसे, आणि लहान मुलांच्या सुरक्षिततेचा चार तासांचा वर्ग.

“बाई, सर्वात लहान प्रवासी सदुसष्ट वर्षांचा आहे,” मी म्हटलं.

“मग वर्ग सोपा जाईल,” बाई म्हणाल्या.

मी वर्ग केला. प्रमाणपत्र मिळालं. त्यावर माझं नाव एवेलिया छापलं होतं. ते बदलायला पुन्हा अर्ज. तिकडे सोसायटीच्या मॅनेजरीणबाईंना हॉलमध्ये ‘खाद्यपदार्थविषयक सभा’ चालेल की नाही याची शंका आली. त्यांनी मला विचारलं, सभेचा उद्देश काय? मी लिहिलं, ‘सत्यशोधन’. त्यांनी ते खोडून ‘वाढदिवस’ लिहिलं आणि सही केली. तेहतीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला होतो. बाहेरच्या बाजूला माणसाचे पाय इतके दुखतात हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

स्पर्धेची चिटणीस म्हणून नीएवेसला घेतलं. ती कोर्टात चोवीस वर्षं कारकून होती आणि तिला अजून शिक्का मारल्याशिवाय जेवण जात नाही. नियम मीच टाइप केले. त्यातला सातवा नियम असा की समसमान मतं पडल्यास अध्यक्ष निर्णायक मत देतील. अध्यक्ष कोण ते वेगळं सांगायला नको.

शनिवारी सकाळी नऊला आठ पंच, नीएवेस, सोराइदा आणि मी निघालो. पहिला थांबा ‘एल कारामेलो’. ठरलं होतं की प्रत्येकाने गरम क्रोकेता तिथेच खायची आणि मत द्यायचं. पण खिडकीशी उभं राहून नुसती क्रोकेता कशी खाणार? सोबत कॉफी आलीच. एक कोलादा मागवायचा, ती काळी गोड कॉफी बोटभर कपांत ओतायची आणि सगळ्यांनी वाटून घ्यायची. आता आमच्यात, कुणी कोलादा मागवला की दुसऱ्याची इज्जत जाते, म्हणून तोही एक मागवतो. मग तिसरा. पहिल्या थांब्यावर आम्ही अकरा जणांनी सहा कोलादे संपवले. दुसऱ्या थांब्यावर, ‘दोन्या पूरा’ला, सात. बेलार्मिनोच्या हातातला कप आपोआप वाजायला लागला होता.

आणि तिथेच भांडण झालं. बेलार्मिनोने क्रोकेता तोंडात घालायच्या आधीच “दहापैकी दहा!” जाहीर केलं.

“अहो, चावा तरी!” नीएवेस ओरडली.

“मी अठ्ठावीस वर्षं चावतोय!”

त्यावर ‘एल कारामेलो’वाल्यांनी सभात्याग केला. म्हणजे व्हॅनमध्ये जाऊन बसले. तेव्हा नीएवेसने रस्त्यातच निर्णय दिला: इथे मतदान रद्द. प्रत्येक बेकरीतून खोका बांधून घ्यायचा, हॉलवर न्यायचा, ती एकटी आत जाऊन ताटांवर आकडे लावेल, कुठला आकडा कुणाचा ते कागदावर लिहून लिफाफा सीलबंद करेल, आणि मग कळेल कुणाच्या जिभेत किती दम आहे. मला हे मनापासून पटलं. ‘ला फ्लोर’ची क्रोकेता मी अंधारातही ओळखली असती.

खोक्यासाठी ‘एल कारामेलो’ला परत वळसा घेतला. मग तिसरा थांबा ‘ला फ्लोर’. तो सुखाचा झाला. चौथा ‘ला आमिस्ताद’.

मी पाऊल टाकणार नव्हतोच. मंडळी उतरली, मी व्हॅनमध्ये थांबलो. पोटात दहा-अकरा कप कॉफी, बाहेर ऑगस्टचं ऊन, आणि समोर काचेपलीकडे ओरेस्तेसची खिडकी. अकरा वर्षांत मी त्या रस्त्याने कधी आलो नव्हतो. वळसा घालून जायचो. पाटी नवीन केली होती त्याने. गर्दी चांगली होती. मला राग यायला पाहिजे होता, पण मी आपला त्याचे केस किती पांढरे झालेत ते बघत बसलो.

तेवढ्यात मागून पावाचा ट्रक आला आणि भोंगा वाजवायला लागला. मी त्याची वाट अडवली होती. व्हॅन हलवावी तर बेलार्मिनो अर्धवट पायरीवर उभा राहून कोणाशी तरी वाद घालतोय. भोंगा वाढला. खिडकीमागून एप्रनला हात पुसत माणूस बाहेर येताना दिसला, आणि मी, एकाहत्तर वर्षांचा सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, स्टिअरिंगखाली शिरलो. शिरताना भोंग्यावर डोकं आपटलं. आता आमचाही भोंगा वाजायला लागला.

काचेवर टकटक झाली. मी मान वर केली. ओरेस्तेस होता. हातभर अंतर, मध्ये काच.

त्याने मला ओळखलं. क्षणभर त्याचे ओठ हलले. मग तो म्हणाला, “साहेब, जरा गाडी पुढे घेता का? ट्रक अडकलाय तुमच्यामुळे.”

साहेब! तुमच्यामुळे! ज्याला मी सायकल शिकवली, ज्याचं नाक मी माझ्या शर्टाला पुसलं, तो मला तुम्ही म्हणाला. शिवी दिली असती तर चाललं असतं. शिवीला उत्तर देता येतं. मी “हो, घेतो ना,” असं म्हणून गाडी पुढे घेतली, आणि कोपरा वळेपर्यंत मला दिवे, रस्ता, काही दिसत नव्हतं. मागून सोराइदा धावत येत होती, दोन्ही हातांत खोका धरून.

हॉलवर आल्यावर नीएवेस आत गेली आणि दार लावलं. बाहेर आम्ही दहा जण पिंजऱ्यातल्यासारखे येरझाऱ्या घालत होतो. कोणाचाच पाय स्थिर नव्हता. रक्तात कॉफीच वाहत होती. चार ताटं आली. एक, दोन, तीन, चार. लिफाफ्यावर नीएवेसचा शिक्का.

पंचांनी खाल्लं. मी म्हटलं, हात वर करून मतं द्या. तर बेलार्मिनो खुर्चीवरून उठला.

“हात वर? साठ वर्षं आपण मायदेशातल्या गुप्त मतदानासाठी गळा काढतोय, आणि हा आमच्याच हॉलमध्ये सांगतो हात वर करा! आज क्रोकेता, उद्या काय?”

टाळ्या पडल्या. माझ्याकडे लोकांनी असं बघितलं की जणू आम्हाला देश सोडायला लावणारी ती क्रांती मीच आणली होती. मग बुटाच्या खोक्याला भोक पाडून मतपेटी केली. आठ मतदार, मतं निघाली नऊ. चौकशीत बेलार्मिनोने कबूल केलं की त्याचं मन एका ठिकाणी ठरत नव्हतं. फेरमतदान. दोन आणि चार नंबरला भोपळा. एक नंबरला चार मतं, तीन नंबरला चार मतं.

“सातवा नियम,” नीएवेस म्हणाली. “अध्यक्षांनी चव घ्यावी.”

मी एक नंबर खाल्ली. चांगली होती. कुरकुरीत, खिमा भरपूर. ठीक.

मग तीन नंबर खाल्ली.

काय सांगू तुम्हाला. पहिल्याच घासाला आईचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे उभं राहिलं. सॉस ढवळताना ती हिशेबाने हात कधी थांबवायची, कांदा किती बारीक चिरायची, आम्ही दोघं ओट्याशी उभे राहून पहिली क्रोकेता कुणाला मिळणार म्हणून एकमेकांना ढकलायचो, सगळं. ही ओरेस्तेसची. दुसऱ्या कुणाची असणार? आईचा हात त्याच्याकडेच गेला होता, आणि ताट मांडीवर घेऊन घरी येताना हे मला कळत होतं. त्याचाच राग होता मला.

आणि लगेच दुसरा विचार आला. एक नंबर म्हण. एक ‘ला फ्लोर’ची असणार. एक म्हटलं की संपलं. इज्जत राहिली, फोन नको, कुणाला कळणारही नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. सोराइदा बघत नव्हती. ती हातरुमालाची घडी घालत होती, उलगडत होती.

“तीन,” मी म्हटलं.

“आता लिफाफा,” नीएवेसने हात पुढे केला.

“लिफाफा गेला खड्ड्यात! मला माहीत आहे ही कुणाची आहे.” आणि मी फोन लावला. नंबर मी कधी पुसला नव्हता.

“अध्यक्ष, ही पद्धत नाही,” नीएवेस म्हणत होती. “आधी लिफाफा, मग...”

“‘ला आमिस्ताद’, बोला,” पलीकडून आवाज आला. मागे भांड्यांचा गलका.

“मी बोलतोय.”

गलका तसाच.

“ओरेस्तेस, मी गाढव आहे. तुझी क्रोकेता खाल्ली आत्ता. आईच्या हातची आहे रे ती. जशीच्या तशी. मायलिनच्या पंधराव्याला चारशे पाहिजेत. आणि... आणि तू पाहिजेस.”

पलीकडे कुणीतरी नाक शिंकरलं.

“कुठे आहेस तू?” त्याने मला पुन्हा ‘तू’ म्हटलं.

“सोसायटीच्या हॉलमध्ये.”

“आलो. दहा मिनिटं.”

फोन बंद झाला. हॉलमध्ये दोघीतिघी रडत होत्या. बेलार्मिनोने मला मिठी मारली आणि कॉफीने थरथरत असल्यामुळे सोडेना. त्या गडबडीत नीएवेसने लिफाफा फोडला, कारण पद्धत ती पद्धत, आणि कोर्टातल्या आवाजात वाचलं: “क्रमांक एक, ‘ला आमिस्ताद’. क्रमांक तीन, ‘ला फ्लोर दे सागुआ’.”

तेव्हा कुठे बेलार्मिनोने मला सोडलं.

“पुन्हा वाच,” मी म्हटलं. तिने पुन्हा वाचलं.

अकरा वर्षं दर शनिवारी मी ‘ला फ्लोर’ची क्रोकेता खात आलो होतो, आणि खाता खाता माझ्या जिभेने तीच आईची म्हणून ठेवून घेतली होती. आईची खरी चव कशी होती, ते मला आता आठवत नव्हतं. मला खुर्ची लागली.

“म्हणजे तू जिंकलास!” बेलार्मिनो ओरडला. “एवेलियो, अरे, तू जिंकलास!”

“जिंकला ना?” सोराइदा म्हणाली. “अभिनंदन. आता जो कोणी तोंड उघडेल, त्याला मायलिनच्या समारंभाचं आमंत्रण नाही.”

“पण नोंद...” नीएवेस म्हणाली.

“नीएवेस, कागद ठेव पर्समध्ये.”

“एक नंबरचं ताट पुढे ठेवा!” मी उठलो. “तो येऊन बघेल, चाखेल. त्याची त्याला देऊ.”

पण एक नंबरचं ताट रिकामं होतं. वाद घालता घालता मंडळींनी चाटून साफ केलं होतं. दोनही संपलं, चारही संपलं. तीन नंबरच्या तेवढ्या दोन क्रोकेता उरल्या होत्या, आणि त्या लपवाव्यात असं कुणाच्या डोक्यात येण्याआधी दार उघडलं.

ओरेस्तेस एप्रनवरच आला होता. कोपरापर्यंत पीठ. आम्ही दोघांनी मिठी वगैरे मारली नाही. दोघांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. त्याने सोराइदाच्या गालाचा मुका घेतला, सगळ्यांना मान डोलावली आणि सरळ टेबलाकडे आला.

“हीच ती?” त्याने विचारलं.

मी मान हलवली. आठ पंच छताकडे बघत होते. नीएवेसने पर्स छातीशी धरली होती.

त्याने एक क्रोकेता उचलली. मोडली. आत बघितलं. तीस वर्षं बेकरी चालवलेला माणूस तो. स्वतःचा माल त्याला हातात घेतल्याबरोबर कळतो. नाकाशी नेली. त्याची भुवई वर गेली, आणि तिथेच राहिली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलणार होतो, खरंच बोलणार होतो, पण माझे डोळे अजून ओले होते आणि ते त्याला दिसत होते.

त्याने अर्धी क्रोकेता तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

“हो,” तो म्हणाला. “माझीच आहे.”

मग उरलेली अर्धीही खाल्ली, बोटं एप्रनला पुसली आणि म्हणाला, “फक्त आज मीठ जरा कमी पडलंय. बोलतो मी बेकरीतल्या पोरांना.”

‘ला फ्लोर’च्या मिठाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. सोराइदाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला, पण त्याची गरज नव्हती.

“हो रे,” मी म्हटलं. “किंचित कमी आहे.”